डुब्रोव्निकचं कोटातलं शहर एका दिवसात पायी कसं पाहावं

क्रोएशियातल्या डुब्रोव्निकचे फोटो बहुतेकांनी पाहिलेले असतात. निळ्या एड्रियाटिक समुद्रात घुसलेला दगडी कोट आणि आत नारिंगी कौलांची दाटी. फोटो खोटे नाहीत. पण उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला तिथं पोचलात तर कौलं दिसण्याआधी माणसांची डोकी दिसतील आणि तटावर चढायच्या रांगेतच घाम फुटेल. हेच शहर सकाळी सात वाजता वेगळं असतं. म्हणून या लेखात काय पाहावं यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहावं यावर भर दिला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांची गडबड तिथंच होते.

थोडी पार्श्वभूमी हवीच. आज आपण ज्याला डुब्रोव्निक म्हणतो ते म्हणजे पूर्वीचं रागुझा, व्यापाऱ्यांचं छोटं प्रजासत्ताक. १३५८ मध्ये व्हेनिसच्या हाताखालून सुटलं, १८०८ मध्ये नेपोलियनच्या माणसांनी ते मोडीत काढलं. मधली साडेचारशे वर्षं एका बाजूला व्हेनिस आणि दुसऱ्या बाजूला ऑटोमन सुलतान यांच्यामध्ये हे चिमुकलं राज्य टिकलं. कधी खंडणी भरून, कधी गोड बोलून, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कोणावरही पूर्ण विश्वास न ठेवून. स्वतःच्या अधिकाऱ्यांवरही नाही. हा संशयी स्वभाव तिथल्या दगडांत जागोजागी दिसतो. फिरताना तेवढं डोक्यात ठेवलं तर गाईड नसला तरी चालतं.

निघण्याआधी

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही युरो आहे. भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनी, नेदरलँड्स वगैरे ठिकाणी राहणाऱ्यांना तिथल्या रहिवासी परवान्यावर सहज जाता येतं. एक सावधगिरी मात्र हवी. डुब्रोव्निकहून लोक मोंटेनेग्रोतलं कोटोर किंवा बोस्नियातलं मोस्तार दिवसभरात पाहून येतात, आणि हे दोन्ही देश शेंगेनबाहेर आहेत. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तुम्ही बाहेर पडाल, पण परत आत येताना अडकाल.

स्प्लिटहून बसने किंवा गाडीने येणार असाल तर पूर्वी वाटेत बोस्नियाची छोटी पट्टी ओलांडावी लागायची. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला आणि ती कटकट संपली. ही पट्टी नकाशावर आली तीही रागुझाच्याच करणीने. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसची हद्द आपल्याला येऊन भिडू नये म्हणून त्यांनी नेउमजवळचा आपलाच किनारा ऑटोमनांना देऊन टाकला. शेजारी व्हेनिस असण्यापेक्षा सुलतान बरा, असा हिशोब!

मे महिना आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि भाव, तिन्ही डोक्यावर बसतात. १० जुलै ते २५ ऑगस्ट या काळात उन्हाळी महोत्सव असतो. तेव्हा संध्याकाळी कोटात नाटकं आणि मैफली रंगतात, आणि त्यासाठी काही जागा बंदही असतात. हिवाळ्यात शहर शांत आणि स्वस्त असतं, पण निम्मी हॉटेलं मिटलेली आणि तटबंदी दुपारीच बंद.

तारीख ठरवताना ग्रुझ बंदरात त्या दिवशी किती क्रूझ जहाजं लागणार आहेत ते पाहून घ्या. वेळापत्रक आधीच जाहीर होतं. शहराने जहाजांवर मर्यादा घातली आहे, तरीही दोन मोठी जहाजं आली की दहा ते चार कोटात पाय ठेवायला जागा नसते.

कोटात शिरायला पैसे पडत नाहीत. तटबंदीवर चालायला पडतात, आणि सणसणीत पडतात: मोसमात साधारण ४० युरो माणशी, हिवाळ्यात निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली. नुसतं तटाचं तिकीट घेण्याआधी एक दिवसाच्या डुब्रोव्निक पासची किंमत बघा. ती जवळपास तेवढीच असते, आणि त्यात तट, लोव्रियेनात्स किल्ला, राजवाडा, काही संग्रहालयं आणि शहर बस असं सगळं येतं. ऑनलाइन काढून मोबाइलवर ठेवला की रांग टळते.

बूट रबरी तळव्याचे घाला. रस्त्याचा चुनखडीचा दगड शतकानुशतकं पायांखाली घासून आरशासारखा झालाय, पावसाची एक सर आली की त्यावर भलेभले आपटतात. चाकांच्या बॅगा कोटात खडखडवत नेऊ नका. तिथं राहणाऱ्यांची उरलीसुरली झोप तीच घालवते. वर राहायचं असेल तर पायऱ्याच पायऱ्या आहेत हेही लक्षात घ्या. मी तरी नवख्यांना कोटाबाहेर, ग्रुझ किंवा लापादला राहायला सांगेन. पैसे वाचतात आणि ग्रुझहून १ए, १बी किंवा ३, तर लापादहून ४ किंवा ६ क्रमांकाची बस थेट कोटाच्या पिले वेशीपाशी सोडते. तिकीट बसमध्ये घेण्यापेक्षा तिसाक नावाच्या वर्तमानपत्रांच्या टपरीवर घेतलेलं स्वस्त पडतं. विमानतळ चिलिपीला, वीसेक किलोमीटरवर आहे. तिथून बसने येताना डाव्या बाजूची खिडकी पकडा, कोटाचं पहिलं दर्शन तिथूनच होतं.

सकाळी सात: पिले वेस

पश्चिमेची ही मुख्य वेस. बाहेरचा दरवाजा १५३७ चा, आतला त्याहून जुना, १४६० चा. दोन्हींच्या मध्ये मुद्दाम वळण ठेवलं आहे, म्हणजे शत्रूला सरळ घुसता येऊ नये. गडकिल्ले पाहिलेल्या आपल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. खंदकावरचा पूल रात्री उचलला जायचा, वेशीला कुलूप लागायचं आणि किल्ल्या राज्यप्रमुखाच्या राजवाड्यात जमा व्हायच्या.

वेशीवरच्या कोनाड्यातला दाढीवाला संत म्हणजे स्वेती व्लाहो, इतरांचा सेंट ब्लेझ. शहराचा हा पाठीराखा तुम्हाला दिवसभर भेटत राहील. आत शिरल्यावर भिंतीवर एक नकाशा लावला आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे न पाहता पुढे जातात. तुम्ही दोन मिनिटं थांबा. युगोस्लाव्ह सैन्याच्या १९९१-९२ च्या वेढ्यात कुठल्या घरावर तोफगोळा पडला, कुठलं छप्पर गेलं आणि कुठलं घर जळून खाक झालं, त्याच्या खुणा त्यावर आहेत. तटावर गेल्यावर हा नकाशा कामी येतो.

वेशीतून शहरात पाऊल टाकताच समोर ओनोफ्रियोचा मोठा हौद. इटालियन ओनोफ्रियो देल्ला कावा याने बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी पाटाने शहरात आणलं आणि १४३८ मध्ये हा सोळा बाजूंचा हौद उभा राहिला. प्रत्येक बाजूला एक दगडी मुखवटा आणि त्याच्या तोंडातून पाणी. १६६७ च्या भूकंपात वरची नक्षी गेली, पण पाणी अजून येतं आणि ते प्यायचंच आहे. बाटली इथंच भरून घ्या. तटावर पाण्याची बाटली घ्यायला गेलात तर किंमत ऐकूनच तहान जाईल.

डाव्या हाताला फ्रान्सिस्कन मठ. तिथल्या औषधालयाची परंपरा १३१७ पासूनची, अजून चालू असलेल्या युरोपातल्या सर्वांत जुन्या औषधालयांपैकी हे एक. मठाच्या आतला खांबांचा चौक फार सुंदर आहे, पण सकाळी सातला तो बंद असतो, दुपारी बघू. मठाच्या बाहेरच्या भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर एक दगडी तोंड बाहेर आलंय. त्यावर उभं राहून अंगातला शर्ट काढून दाखवला की नशीब उजळतं म्हणे. दिवसभर त्याच्यापुढे हसणाऱ्यांची गर्दी असते. नशीब उजळलेला अजून कोणी भेटला नाही, पण गुडघे फुटलेले दिसतात.

स्त्रादुन, रिकामा असताना

वेशीपासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जाणारा सरळसोट रस्ता म्हणजे स्त्रादुन. जेमतेम तीनशे मीटर. कधीकाळी इथं समुद्राची चिंचोळी खाडी होती. दक्षिणेला बेटावरची वस्ती, उत्तरेला डोंगरपायथ्याची. खाडी बुजवली आणि दोन गावांचं एक शहर झालं. म्हणूनच रस्ता अगदी सपाट आहे आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्या चढत जातात.

आता दुकानं बंद आहेत तोवर एक गोष्ट जवळून पाहा. प्रत्येक दुकानाचं दार आणि खिडकी एकाच कमानीत बसवलेली आहे. कमानीचा अर्धा भाग जमिनीपर्यंत खुला, उरलेला अर्धा कंबरेच्या उंचीपर्यंत दगडाने बांधलेला. एखाद्या उभट दगडी गुडघ्याचा आकार. ते अर्धं बांधकाम म्हणजे विक्रीची फळी. दुकानदार आत, गिऱ्हाईक रस्त्यावर, माल फळीवर. गिऱ्हाइकाला आत घ्यायची गरजच नाही. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपाने शहर जमीनदोस्त केलं आणि पाठोपाठ आगी लागल्या. त्यानंतर सरकारने स्त्रादुनवरची घरं एकाच साच्यात बांधून घेतली: तळाला दुकान, वर राहतं घर, उंची सारखी, दगड सारखा. म्हणून हा रस्ता एका हाताने काढल्यासारखा वाटतो. दुकानं उघडल्यावर या कमानींपुढे टी-शर्ट लटकतात आणि काही दिसत नाही.

हौदासमोरचं स्वेती स्पासचं छोटं चर्च मात्र त्या भूकंपाच्या आधीचं. तेही १५२० च्या एका भूकंपातून वाचल्याचे आभार म्हणून बांधलेलं, आणि १६६७ च्या धक्क्यातून ओरखडाही न उमटता सुटलेलं.

टोकाच्या लुझा चौकात आता थांबू नका. तिथं परत यायचंच आहे. मनोऱ्याखालच्या कमानीतून पलीकडे जाऊन डावीकडे, डोमिनिकन मठाकडे वळा.

आठच्या ठोक्याला तटावर

तटावर चढायला तीन जागा आहेत: पिलेपाशी, पूर्वेला स्वेती लुका चर्चपाशी आणि बंदरातल्या सेंट जॉन किल्ल्यापाशी. निम्म्याहून जास्त लोक पिलेलाच चढतात, कारण ती पहिली दिसते. तुम्ही स्वेती लुकापाशी चढा. उन्हाळ्यात आठला दार उघडतं. कारण नुसतं रांगेचं नाही. तटावर एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट चालावं लागतं. इथून सुरुवात केली तर मिंचेता बुरुजाचा खडा चढ सुरुवातीलाच, पाय ताजे आणि हवा गार असताना संपतो. पिलेहून निघालेल्यांना तोच चढ शेवटी, डोक्यावर ऊन घेऊन चढावा लागतो.

फेरी १९४० मीटरची. रेंगाळत दोन तास धरा. सगळ्या मिळून हजारएक पायऱ्या होतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईवडिलांना आग्रह करू नका. त्यांना खालच्या चौकात बसवून या, शहराचा सपाट भाग त्यांना आरामात पाहता येतो. एकदा खाली उतरलात की त्याच तिकिटावर पुन्हा वर जाता येत नाही.

जमिनीकडचा तट चार ते सहा मीटर जाड आहे, समुद्राकडचा बराच पातळ. धोका कुठून वाटत होता ते यावरून कळतं. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि इथल्यांची झोप उडाली. जुना चौकोनी मिंचेता बुरूज तोफांपुढे टिकणार नाही हे ओळखून फ्लॉरेन्सचा मिकेलोझ्झो आणि त्याच्यानंतर युराय दाल्मातिनात्स यांच्याकडून तो गोल आणि दणकट करून घेतला. बुरुजाच्या माथ्यावर जा. जिना अरुंद आहे, समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. पण अख्खं शहर पायाखाली दिसतं ते इथूनच.

इथं कौलांचे रंग बघा. काही कौलं मळकट, पिवळसर, शेवाळलेली, आणि बरीच भडक नारिंगी. भडक आहेत ती वेढ्यानंतर बसवलेली. १ ऑक्टोबर १९९१ ला युगोस्लाव्ह सैन्याने हल्ला सुरू केला. ६ डिसेंबरला कोटातल्या शहरावर सर्वांत भयानक मारा झाला. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या शहरावर तोफा डागल्या गेल्या, आणि दोन तृतीयांशांच्या आसपास इमारतींना मार बसला. वेशीवरचा नकाशा आठवून खाली पाहिलंत तर जुनी कौलं शोधावी लागतात. उत्तरेला उभा असलेला स्र्ज डोंगर ४१२ मीटरचा. त्यावरचा नेपोलियनच्या काळातला किल्ला शहराच्या लोकांनी शेवटपर्यंत लढवला. डोंगर हातचा गेला असता तर शहरही गेलं असतं.

पिलेवरून पुढे बोकार बुरूज, आणि मग समुद्राची बाजू. एका हाताला लाटा, दुसऱ्या हाताला लोकांच्या परसबागा: वाळत घातलेले कपडे, लिंबाचं झाड, भिंतीवर पसरलेलं मांजर. अजून काही घरांत माणसं राहतात, पण वर्षागणिक कमी होताहेत. बाकी घरं पर्यटकांना भाड्याने. कॅमेरा कुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत खुपसू नका, एवढं तरी आपण करू शकतो. सेंट जॉन किल्ल्यापाशी खाली उतरा.

लुझा चौक ते राजवाडा

माझ्या मते दिवसातला सगळ्यात रसाळ भाग हाच, आणि तो शंभर-दीडशे पावलांत आटोपतो. म्हणून घाई नको.

चौकाच्या मध्ये तलवार घेतलेल्या सरदाराचा दगडी खांब आहे, ओरलांदो, १४१८ चा. त्याचा चेहरा सोडा, हाताकडे बघा. कोपरापासूनची लांबी हा शहराचा कापड मोजायचा अधिकृत हात होता, ५१.२ सेंटिमीटर. दुकानदाराने कमी मोजलं असं वाटलं तर गिऱ्हाईक इथं येऊन पडताळून बघू शके. घासाघीस नको म्हणून तेच माप खांबाच्या पायथ्याशीही कोरून ठेवलंय.

बाजूचा स्पॉन्झा प्रासाद म्हणजे जकात नाका. १५१६ ते १५२२ मधलं बांधकाम, भूकंपातून बचावलेलं. आतल्या चौकात कमानीवर लॅटिनमध्ये कोरलं आहे, त्याचा अर्थ असा: आमची वजनं फसवू देत नाहीत आणि फसू देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. याच इमारतीत वेढ्यात मारल्या गेलेल्या शहराच्या रक्षकांच्या स्मरणार्थ एक खोली आहे. भिंतींवर त्यांचे फोटो. वीस-बावीस वर्षांची पोरं. आत कोणी मोठ्याने बोलत नाही.

वर ३१ मीटरचा तो घड्याळाचा मनोरा. हातोडे घेऊन तास वाजवणारे दोन हिरवट काशाचे पुतळे म्हणजे मारो आणि बारो. मूळ जोडी जपून ठेवली आहे, वर आहेत त्या प्रतिकृती.

समोर व्लाहोचं चर्च, १७१५ मध्ये पुरं झालेलं. मुख्य वेदीवर संताची चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती आहे. तिच्या हातातलं शहराचं छोटं प्रतिरूप बघायला विसरू नका. भूकंपाआधीचं डुब्रोव्निक कसं दिसायचं ते त्यावरून कळतं. ३ फेब्रुवारीला व्लाहोचा उत्सव असतो. दहाव्या शतकापासून चालत आलेला हा उत्सव युनेस्कोच्या यादीतही आहे. त्या दिवशी मेणबत्त्या गळ्याशी धरून घशाच्या आजारांपासून राखण मागतात. याच संताच्या नावाचं सोळाव्या शतकातलं एक चर्च आपल्याकडे जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुव्याच्या वाटेवरच्या गवंडाळीत आहे. मसाल्यांच्या मागे गोव्यापर्यंत आलेल्या रागुझाच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो.

आता क्नेझेव्ह द्वोर, राज्यप्रमुखाचा राजवाडा. प्रमुखाची मुदत किती? एक महिना. तेवढ्यात कोणाची पाळंमुळं रुजणार नाहीत आणि कोणी राजा होऊन बसणार नाही. त्या महिन्यात सरकारी कामाशिवाय त्याला राजवाड्याबाहेर पडायची मुभा नव्हती. घरदार शेजारच्या गल्लीत असलं तरी! सभागृहाच्या दारावरचा लॅटिन लेख सांगतो: स्वतःची कामं विसरा, लोकांची बघा. चौकात एकच अर्धपुतळा आहे, तो मिहो प्रात्सात या जहाजमालकाचा. हा उमराव नव्हता, पण मरताना अफाट संपत्ती प्रजासत्ताकाला देऊन गेला, म्हणून १६३८ मध्ये त्याचा पुतळा बसला. एवढ्या शतकांत सामान्य घरातल्या माणसाला हा मान एकदाच. पैसे दिल्यावर!

पलीकडचं कॅथेड्रल वेळ असेल तर बघा. तिशियनचं चित्र आणि व्लाहोचे अवशेष ठेवलेला खजिना आत आहे. खजिन्याचं तिकीट वेगळं.

बाजार, पायऱ्या आणि पोटपूजा

अकराच्या आसपास जवळच्या गुंदुलिच चौकात या. कवी इवान गुंदुलिचच्या पुतळ्याभोवती सकाळचा बाजार भरतो आणि दुपारपर्यंत उठतो. सुकी अंजिरं, लॅव्हेंडरच्या पिशव्या, साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली. त्या सालींना तिथं अरांचिनी म्हणतात. घरी न्यायला हाच खाऊ घ्या, स्त्रादुनवरच्या मॅग्नेटपेक्षा चांगला.

चौकातून वर जाणाऱ्या रुंद पायऱ्या म्हणजे जेसुइट पायऱ्या, १७३८ च्या. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या गाजलेल्या इंग्रजी मालिकेतला राणीच्या धिंडीचा प्रसंग इथं चित्रित झाला आणि तेव्हापासून दिवसभर इथं कोणी ना कोणी तो वठवत असतं. गंमत वाटत असेल तर थांबा, नाहीतर वर जाऊन सेंट इग्नेशियसचं छत पाहा. तिथून तटाच्या कडेने चालत राहिलात की भिंतीत एक भोक लागतं. त्यातून बाहेर पडलं की थेट समुद्रावरच्या खडकांवर टेबलं मांडलेला बुझाचा बार. पेयं महाग, खायला काही नाही, पण जागा अशी की तक्रार करवत नाही.

जेवणाचं सांगतो. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय. तरी मासे चालतील का, असं समोरून विचारतीलच, कारण तिथं मासा मांसात धरत नाहीत. ब्लित्वा म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेलातली पालेभाजी-बटाटा, बहुतेक ठिकाणी मिळते आणि आपल्या जिभेला रुचते. पेकारा म्हणजे बेकरी. तिथं ‘सिर’ म्हणजे चीज घातलेला बुरेक, पातळ पदरांचा भाजलेला पदार्थ, दोन-चार युरोत पोट भरतो. काळा भात दिसला तर तो कटलफिशच्या शाईतला आहे हे ध्यानात असू द्या. मासे खाणाऱ्यांनी जरूर घ्यावा, दात मात्र तासभर काळे राहतात. प्रियेको गल्लीत दारात उभे राहून हाका मारणारे वेटर भेटतील. ते जितकं मोठ्याने बोलावतील तितकं पुढे चालत राहावं, हा माझा अनुभव. आणि स्त्रादुनवर कॉफी घेतली की बिलात जागेचं भाडंही आलंच.

दुपारी कोटाबाहेर

बारा ते चार कोटात थांबण्यात अर्थ नाही. जुन्या बंदरातून लोक्रुम बेटाची होडी सुटते, पंधरा मिनिटांत पोचवते. पंचवीस-तीस युरोच्या तिकिटात बेटाचा प्रवेशही येतो. जुना मठ, पाइन वृक्षांची सावली, मोर आणि खडकांवरून पोहायची सोय. बेटावर रात्री राहता येत नाही, म्हणून परतीच्या शेवटच्या होडीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. पोहून परत आलात की कपडे घालूनच कोटात शिरा. उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या कपड्यांत फिरलं तर दंड होतो.

बेटाचा कंटाळा असेल तर प्लोचे वेशीतून पूर्वेला पाच मिनिटं चाला. तिथं लाझारेती, म्हणजे बाहेरून आलेल्यांना वेगळं ठेवायच्या दगडी इमारती. साथीच्या गावांतून आलेल्या माणसांनी शहरात येण्याआधी ३० दिवस बाहेर थांबावं, असा कायदा रागुझाने १३७७ मध्येच केला. तेव्हा ही माणसं जवळच्या ओसाड बेटांवर ठेवत. या इमारती पुढच्या, सतराव्या शतकात पुऱ्या झालेल्या. साथ येऊ नये, पण व्यापारही थांबू नये, असा दोन्ही डगरींवर हात. येताना डोमिनिकन मठाच्या जिन्याचा कठडा पाहा. खांबांमधल्या फटी खालून अर्ध्यापर्यंत बुजवल्या आहेत. चढणाऱ्या बायकांचे घोटे दिसू नयेत म्हणून, असं सांगतात. फ्रान्सिस्कन मठाचा राहिलेला चौकही याच वेळात उरका.

पाच वाजता: लोव्रियेनात्स

सकाळी घेतलेल्या तटाच्या तिकिटात हा किल्ला धरलेला असतो, आणि पुष्कळ जण ते विसरून घरी जातात. पिले वेशीबाहेर समुद्राकडे ३७ मीटर उंच कड्यावर तो सुटा उभा आहे. पायऱ्या दीड-दोनशे. तटासोबतच बंद होतो, म्हणून पाचच्या पुढे रेंगाळू नका.

दारावर कोरलं आहे की जगातल्या सगळ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकू नये. फोटो सगळे त्याचेच काढतात. मला विचाराल तर आत जाऊन भिंती बघा. समुद्राकडची भिंत काही ठिकाणी बारा मीटर जाड आहे, तोफगोळा आदळला तरी हलायची नाही. शहराकडची जेमतेम ६० सेंटिमीटर. दगड कमी पडला म्हणून नव्हे. उद्या इथला किल्लेदारच उलटला, तर शहरातून तोफ डागून ती भिंत पाडता यावी म्हणून. त्या भिंतीशी उभं राहिलं की समोर बोकार बुरूज आणि पिले वेस दिसते.

उतरून आलात की जहाजांचे प्रवासी परतलेले असतात आणि स्त्रादुन पुन्हा चालण्याजोगा होतो. दिवेलागणीनंतर एक फेरी मारा, आइस्क्रीम घ्या, ओरलांदोच्या पायथ्याशी बसा. परतीची बस पिलेबाहेरच्या थांब्यावर मिळते. साडेनऊ-दहाच्या सुमाराला तिथं झुंबड उडते, तेव्हा एक तर नऊला निघा नाहीतर अकरानंतर.